काळ्याकडे बघू नका

रायफल की पिस्तूल, यावरून तुम्हा दोघा भावंडांत सध्या जे वाजतंय ते तुमच्या बाबानं फोनवर सांगितलं. ‘ताई, तूच काय ते समजाव यांना,’ म्हणाला आणि मोकळा झाला. एनसीसीच्या मुलींना फायरिंग शिकवता शिकवता माझी नोकरी संपली, रेंज काही सुटली नाही. तेव्हा गाठीला जे आहे ते देते. निम्मं मला शिकवणाऱ्या सुभेदारसाहेबांचं आहे, निम्मं पोरींच्या पाठीमागे उभं राहून त्यांचे खांदे, बोटं आणि श्वास बघताना कळलेलं.

आधी एक अट. वर्षभर काहीही विकत घ्यायचं नाही. क्लबातल्या रायफली आणि पिस्तुलं वापरायची, आणि दोघांनीही दोन्ही वापरायची. जर्मन रायफलचा फोटो उशाशी घेऊन झोपणारी पुष्कळ पोरं मी पाहिली. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या रायफली पुढं पलंगाखाली गेल्या. पॉइंट टू-टू रायफलीचं तर नावच काढू नका. तिला लायसन्स लागतं आणि एकवीस वर्षं पुरी झाल्याशिवाय ते मिळत नाही. तोवर प्रशिक्षक शेजारी उभा असेल तिथं, रेंजवरच काय ती हाताळायची.

आता तुमचं भांडण. रायफल आणि पिस्तुलात थोरलं-धाकटं कोणी नाही. दहा मीटरवरच्या एअर रायफलच्या टार्गेटात दहाचा ठिपका असतो अर्धा मिलिमीटरचा. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे एकदा बसला की ठिपका अख्खा गिळून टाकतो. पिस्तुलाचा दहा साडेअकरा मिलिमीटरचा. हे वाचून ‘बघ, पिस्तूल सोपं’ असं कोणीतरी म्हणणार, आणि कोण म्हणणार तेही मला माहीत आहे. पण रायफल दोन हातांत असते, खांद्याला टेकलेली, गालाला लागलेली, खालचं कोपर कमरेच्या हाडावर, अंगात ताठ जॅकेट, पायात सपाट तळाचे बूट. पिस्तूल एका हातात, हात सरळ समोर, टेकू कशाचाच नाही. मनगटाला आधार देणारा पट्टासुद्धा चालत नाही. म्हणून तर दहा एवढा मोठा दिला आहे. दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवायचा, नाहीतर तो लोंबकळतो आणि खांदा हलवतो. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचचा खिशात हात घातलेला फोटो जगभर फिरला, लोकांना त्यात भारी ऐट दिसली. पिस्तूलवाले सगळे तसेच उभे राहतात. त्याचं खरं कौतुक रौप्यपदकाचं आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून मारण्याचं.

माझ्या लेखी फरक एवढाच आहे: रायफलवाल्याला हालचाल संपवायची असते, पिस्तूलवाल्याला हालचालीसकट मारायचं असतं. रायफलमध्ये तुम्ही महिनोन् महिने उभं राहण्यावर घालवता. पाय किती फाकवायचे, गाल किती वर, दस्त्याची प्लेट खांद्यात कुठे बसते, एकेक स्क्रू फिरवून बघायचं आणि वहीत लिहायचं. घरातली घड्याळं उघडून बसणाऱ्या आमच्या भाचेबुवांना हे आवडेल असं मला वाटतं. पिस्तुलाला एवढे स्क्रू नाहीत. तिथं हात थरथरणारच, हे पहिल्या दिवशी मान्य करावं लागतं, आणि ज्याला ते मान्य होत नाही तो थरथर थांबायची वाट बघत बसतो, ती थांबत नाही, मग घाईनं चाप ओढतो. भाची, तू चिडतेस लवकर आणि विसरतेसही लवकर. विसरण्याचा गुण पिस्तुलाला फार उपयोगी. पण निकाल माझ्या म्हणण्यावर लावू नका, वर्षभर दोन्ही मारल्यावर तुमचं तुम्हीच ठरवा.

सुरुवात डोळ्यापासून करा. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मध्ये रुपयाएवढी फट ठेवा आणि तिच्यातून भिंतीवरचा खिळा बघा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला खिळा फटीतच दिसतो तो तुमचा मास्टर आय. उजव्या हाताच्या माणसाचा डोळा डावा निघाला तर घाबरायचं कारण नाही, पण प्रशिक्षकाला ते पहिल्याच दिवशी सांगा. सहा महिने उलट्या डोळ्यानं मारून मग सांगू नका. आणि दुसरा डोळा गच्च मिटायचा नाही. त्यानं चेहऱ्याचा स्नायू ताणला जातो आणि नेमाचा डोळाही दमतो. समोर एक पांढरी पट्टी लावायची, ती लावायला नियमानं परवानगी आहे.

रायफल उभ्यानं धरताना माझ्या मुली पहिली चूक कुठली करायच्या तर रायफल हातानं उचलून धरायच्या. दंड दहा मिनिटांत भरून येतो. वजन हाडावर जाऊ द्या: रायफल तळहातावर, तळहात कोपरावर, कोपर कमरेवर, कंबर पायावर. मग डोळे मिटा, दोन श्वास सोडा, डोळे उघडा. रायफल आपोआप कुठं बघते आहे? टार्गेटच्या डावीकडे असेल तर हातानं उजवीकडे ढकलायची नाही. पाय सरकवा, एखादं बोटभर. ढकललेली रायफल चाप ओढताक्षणी तिच्या मूळ जागी परत जाते आणि तुमचा छर्रा घेऊन जाते. ही डोळे मिटून बघायची परीक्षा पिस्तुलालाही जशीच्या तशी लागू. मॅच सुरू असताना, दर दहा छर्ऱ्यांनंतर, ती पुन्हा करायची.

आता ज्यावरून या पत्राला नाव दिलं ती गोष्ट. कागद-पेन्सिल घ्या. पिस्तुलाच्या मागच्या साइटला खाच असते, पुढच्या साइटला चौकोनी पातं. पातं खाचेत मधोमध दिसलं पाहिजे, दोन्ही बाजूंना सारखा उजेड आणि माथे एका रेषेत. दोन साइटमधलं अंतर साधारण तीस सेंटिमीटर धरा. पातं खाचेत एक मिलिमीटर, फक्त एक, बाजूला गेलं तर दहा मीटरवर छर्रा तेहतीस मिलिमीटर बाजूला जातो. तो सहावर बसतो. आता दुसरी चूक बघा. पातं खाचेत अगदी बरोबर आहे, पण अख्खा हातच अर्धा सेंटिमीटर सरकला. छर्रासुद्धा अर्धाच सेंटिमीटर सरकतो आणि दहालाच लागतो. हात पुरा एक सेंटिमीटर सरकला तरी नऊ. म्हणजे ज्या थरथरीला तुम्ही भिता ती गुण खात नाही, ज्याकडे तुम्ही बघत नाही ती खाच खाते. रायफलला दोन साइटमधलं अंतर जास्त, समजा पाऊण मीटर. तिथं एका मिलिमीटरच्या चुकीला छर्रा तेरा मिलिमीटर जातो. ऐकायला कमी वाटतं, पण रायफलच्या टार्गेटवर तो पाच.

आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्वच्छ बघू शकतो. टार्गेटचा काळा गोल स्वच्छ दिसत असेल तर पातं धूसर झालेलं आहे, आणि धूसर पात्याचा एक मिलिमीटर कोणाला कळणार? म्हणून नजर पुढच्या साइटवर. काळा मागे धुक्यात राहू दे. पिस्तुलात तर काळ्यावर नेम धरूच नये. काळ्याच्या खाली, पांढऱ्यात, पातं टेकवायचं आणि साइट तशा लावून घ्यायच्या. काळ्यावर काळं पातं ठेवलं तर दोन्ही एकमेकांत हरवतात. रायफलच्या पुढच्या साइटमध्ये गोल कडी असते. तिच्यात काळा मधोमध, भोवती सारखी पांढरी कड. इथं नवे लोक लहानात लहान कडी लावतात, म्हणजे म्हणे नेम बारीक होतो. उलट होतं. कड बारीक झाली की काळा सारखा तिला शिवल्यासारखा वाटतो, मन चरकतं, बोट थांबतं. एक नंबर मोठी कडी लावा आणि निवांत मारा.

श्वासाबद्दल लोक फार बोलतात. अर्धा सोडा, थांबा, मारा. बस.

बोटाबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण चांगला धरलेला नेम शेवटच्या क्षणी बोटच मोडतं. चापावर बोटाचं पहिलं पेर, पेराचा मऊ भाग, आणि ओढ सरळ मागे. बोटाची बाकीची कांडी लाकडाला चिकटलेली नको. एअर पिस्तुलाचा चाप कमीत कमी पाचशे ग्रॅमचा असावा लागतो. मॅचच्या आधी पाचशे ग्रॅमचं वजन चापाला अडकवून पिस्तूल उचलून बघतात, चाप सुटला तर पिस्तूल बाद. पंचवीस मीटरच्या पिस्तुलाला हजार ग्रॅम. एअर रायफलच्या चापाला अशी खालची मर्यादा नाही, तो फुंकरीनं सुटेल इतका हलका ठेवता येतो, म्हणून नेम टार्गेटवर येईपर्यंत बोट चापाच्या बाहेर, हा नियम रायफलला आणखी कडक. चाप दोन टप्प्यांत येतो. पहिला टप्पा नेम खाली उतरतानाच घ्यायचा, दुसऱ्यावर दाब वाढवत राहायचं, आणि छर्रा नेमका कधी सुटला याचं तुम्हाला स्वतःलाच किंचित आश्चर्य वाटलं पाहिजे. ‘आत्ता!’ म्हणून ओढलात की गेला. उजव्या हाताच्या मुलीचे छर्रे डावीकडे खाली जमायला लागले की मी टार्गेट न बघता सांगायचे, बोट हिसकतंय.

चाप सुटल्यावरही संपत नाही. छर्रा नळीतून बाहेर पडायला क्षण लागतो आणि तेवढ्यात मान वर करून मॉनिटर बघणाऱ्यांची कमी नाही. दोन सेकंद तसंच राहा. मग, मॉनिटर बघायच्या आधी, स्वतःशी बोला: नऊ, दोन वाजता. म्हणजे घड्याळात दोन जिथं असतात त्या बाजूला नऊ. मग बघा. तुम्ही म्हणालात आणि तसाच निघाला तर तो नऊ चांगला, कारण चूक तुम्हाला दिसली होती. न सांगता आलेल्या दहाचा मला आनंद होत नाही. पोरींना हे पटायला फार वेळ लागायचा.

तसंच ग्रुपिंगचं. एनसीसीत आम्ही पाच गोळ्या मारून पाहायचो त्या किती जवळ पडल्या. कुठे पडल्या ते नंतर. पाच छर्रे एका जागी, पण सातावर, हा नेमबाज घडलेला आहे, साइटचे चार क्लिक फिरवले की काम झालं. दहा, सहा, नऊ, पाच, दहा मारणाऱ्यानं साइटला हात लावायचा नाही. एका छर्ऱ्यावरून क्लिक फिरवणारा दिवसभर स्वतःच्याच मागं धावत राहतो. फिरवायची दिशा लक्षात ठेवा: मागची साइट जिकडे न्याल तिकडे छर्रा जातो.

स्पर्धेत साठ छर्रे असतात आणि पंचाहत्तर मिनिटं. हिशोब करा, एका छर्ऱ्याला सव्वा मिनिट. पुष्कळ झाला. सात-आठ सेकंदांत चाप सुटला नाही तर हत्यार खाली घ्या. त्यानंतर डोळा दमतो, आणि गंमत अशी की दमलेला डोळा मघाचंच चांगलं चित्र दाखवत राहतो. नेम हललेला असतो, तुम्हाला स्थिर वाटतो. खाली घेणं ज्याला जमलं त्याचे दोन-तीन वाईट छर्रे प्रत्येक मॅचमध्ये वाचतात. पंचवीस मीटरच्या पिस्तुलात मात्र दुसऱ्या फेरीत ही चैन नाही. हात खाली तिरका, हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत उचलून एक गोळी, मग सात सेकंद थांबा, पुन्हा. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण घेतलं, तेही बरोबरी झाल्यावर शूट-ऑफमध्ये. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण घेणारी ती पहिली भारतीय बाई. भाची, तुला पिस्तूल घ्यायचंच असेल तर राहीचे व्हिडिओ बघताना चेहरा बघू नकोस, हात वर येताना कुठे सावकाश होतो ते बघ.

भाच्यासाठी स्वप्नील कुसळे. राधानगरीकडचा पोरगा, रेल्वेत तिकीट तपासनीस होता. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनच्या फायनलमध्ये गुडघ्यावरच्या फेरीनंतर तो मागे होता, पालथं पडून मारायच्या फेरीनंतरही पदकाबाहेरच होता. उभ्यानं मारायची पोझिशन शेवटी असते आणि सगळ्यांत अवघड तीच. तिथं तो वर सरकला आणि ४५१.४ वर कांस्य घेतलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर मराठी खेळाडूचं ऑलिंपिकमधलं वैयक्तिक पदक थेट हेच. आणि तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला पालथं पडून सहाशेपैकी पाचशे सत्त्याण्णव मारले, जगज्जेती झाली. पन्नास मीटरवर वारा असतो, दहा मीटरच्या बंद हॉलमध्ये नसतो. तिथं गोळीआधी झेंड्याकडे बघायचं आणि झेंडा मघासारखा झाला की मगच मारायचं. ते पुढचं पुढे.

घरी करायचा सराव म्हणजे ड्राय फायरिंग, छर्ऱ्याशिवाय. भिंतीवर एक लहान काळा ठिपका, रोज पंधरा-वीस मिनिटं. पिस्तुलाला याच्याइतका फायदा कशाचाच नाही, कारण स्फोट नाही, आवाज नाही, पातं चापासरशी हललं की स्वच्छ दिसतं. पण सगळी हत्यारं याला चालत नाहीत. क्लबातली स्प्रिंगची एअर गन रिकामी मारली की आतला पिस्टन आपटतो आणि सील जातं. पॉइंट टू-टू रिकामी मारली की पिन नळीच्या काठावर आपटू शकते. हवेच्या सिलिंडरवाल्या मॅच रायफली-पिस्तुलांत ड्राय फायरिंगची सोय वेगळी दिलेली असते, ती लावून मारा. आणि स्प्रिंगची गन घट्ट आवळून मारू नका; ती उडते, तिला हलक्या हातात तिच्या पद्धतीनं उडू द्या, दर वेळी सारखीच उडेल. या गनवर शिकलेल्यांचा चाप पुढं कायम चांगला असतो, असं माझं मत आहे. प्रशिक्षक मंडळी हसतात मला.

घरात कोणी आलं, मांजर आलं, आई जेवायला हाक मारायला आली, तर आधी हत्यार खाली. नळी माणसाकडे कधीही नाही. रिकामी आहे हे तपासलेलं असलं तरी नाही, गमतीत नाही, फोटोसाठी तर नाहीच. रेंजवर नळीतून रंगीत सेफ्टी फ्लॅग घातल्याशिवाय हत्यार खोक्याबाहेर दिसलं तर मी तुम्हाला त्याच गाडीनं घरी पाठवेन. पुढच्या लेनवर माणूस टार्गेटकडे गेलाय आणि तुम्ही रायफलला हात लावलाय, हे मी बघायचं नाही.

सामानाचं थोडं. छर्ऱ्याच्या डबीवर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात, ते डोक्याचा व्यास. महाग डबी चांगली असं नसतं, तुमच्या नळीला जो मानवतो तो चांगला. दोन-तीन डब्या घेऊन टेकूवर ठेवून ग्रुप मारून बघा आणि वहीत लिहा. पिस्तुलाची मूठ हातात सैल असेल तर कानस आणि लाकडाची लांबी घेऊन बसावं लागतं, थोडं घासायचं, थोडं भरायचं, पुन्हा मारून बघायचं. पुढं कधी जुनं हत्यार घ्यायची वेळ आली तर नळीच्या आधी सिलिंडरवरची तारीख वाचा. मुदत संपलेला सिलिंडर घेऊन स्पर्धेत उभं राहता येत नाही, आणि विकणारा ते आपणहून सांगेलच असं नाही. मॅचच्या आदल्या दिवशी सगळे स्क्रू बघायचे. टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलाचा लिव्हर ऐन मॅचमध्ये गेला, दुरुस्तीत मिनिटं गेली आणि फायनल हुकली. पॅरिसला तिनं दोन कांस्यपदकं घेतली, हे तुम्हाला माहीत आहेच.

आणि आपली लेन. हसू नका. अथेन्समध्ये २००४ साली मॅथ्यू एमन्स नावाचा अमेरिकन थ्री पोझिशनच्या फायनलमध्ये तीन गुणांनी पुढे होता, एकच गोळी राहिली होती. त्यानं ती सुरेख मारली, शेजारच्या टार्गेटवर. शून्य मिळाला आणि थेट आठवा आला. सांत्वन करायला आलेल्या चेक नेमबाज मुलीशी पुढं त्याचं लग्न झालं, तेवढं बरं झालं. पण बीजिंगला २००८ मध्ये शेवटच्याच गोळीला त्याचा चाप आधीच सुटला, ४.४, सुवर्ण पुन्हा गेलं. तेव्हा रायफल खांद्याला लावायच्या आधी प्रत्येक वेळी टार्गेटवरचा नंबर वाचायचा आणि आपल्या लेनच्या नंबराशी ताडून बघायचा. साठ छर्रे तर साठ वेळा. बोट शेवटी चापावर जातं, हेही त्यातच आलं.

येत्या रविवारी साडेसहाला दुधाळीच्या रेंजवर या. पोटभर खाऊन येऊ नका, उपाशीही येऊ नका, आणि कडक कॉफी पिऊन तर मुळीच नाही. जॅकेटमधून नाडीचे ठोके रायफलला लागलेले मला लांबून दिसतात. भाचीनं केस घट्ट बांधून यावं. वही दोघांनीही आणायची, एकीत दोघांनी लिहायचं नाही. छर्रे शिशाचे असतात, ते ओठांत धरायची खोड पोरांना लागते, ती लावून घेऊ नका. थालीपीठं मी करून आणीन, पण साबणानं हात धुतल्याशिवाय डब्याला कोणी शिवायचं नाही.